अप्पा मशिनीच्या दारातून परत आले

लिव्हरचा आजार झाला म्हटलं की लोक आधी बाटली शोधतात. आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी फुटलं नाही. अप्पांचं लातूरला गंजगोलाईच्या बाजारात दोरखंड आणि ताडपत्र्यांचं दुकान, आता ते माझा भाऊ बघतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आमच्या घराण्याकडं बघूनच कुणीतरी केली असावी, असं आई म्हणायची. तो पीळ माझ्यातही पुरेपूर उतरला आहे, हे आधीच सांगून टाकते.

पुष्कळ वर्षांपूर्वी अप्पांनी एका शिबिरात रक्त दिलं होतं. आठ दिवसांनी निरोप आला की रक्तात बी प्रकारची कावीळ आहे, डॉक्टरांना भेटा. अप्पा डॉक्टरांना भेटले नाहीत. औशाच्या पुढं एका खेड्यात कावीळ उतरवणारा माणूस होता. त्याच्याकडं तीन रविवार जाऊन त्यांनी नाकात कसलासा रस पिळून घेतला, महिनाभर तेल-तूप सोडलं आणि कावीळ गेली असं जाहीर केलं. डोळे पिवळे झालेच नव्हते, त्यामुळं गेली की राहिली हे बघायची काही सोय नव्हती. मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. ही कावीळ रक्तात दडून बसते आणि वर्षानुवर्षं लिव्हर पोखरते, हे मला ठाऊक होतं. एकदा तसं बोललेही. अप्पा म्हणाले, "तुझ्या पुस्तकात असंल." मी रागानं विषय सोडून दिला. आमच्यातले बरेच विषय असेच सुटलेले आहेत.

गेल्या गुढीपाडव्याच्या सुमारास त्यांची भूक मेली आणि पोट जड वाटायला लागलं. लातूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. लिव्हरवर एक डाग दिसला, साधारण बोराएवढा. डॉक्टर म्हणाले, ही साधी गाठ आहे की वाईट, हे सोनोग्राफीत कळत नाही. एमआरआय करा, लवकर करा.

लातुरात एमआरआय होत नाही असं थोडंच आहे? पण अप्पांनी मला फोन केला. "नांदेडला करू. इथं रिपोर्ट यायच्या आधी पाव्हणे येतील. अन् लिव्हर म्हणलं की लोकं काय म्हणतेत, तुला ठावं हाय. भावाला तर सांगूच नको. दुकानावर बसून सगळ्या गोलाईला सांगंल ते." मी कबूल केलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. पहिल्यांदा त्यांनी काहीतरी माझ्या हवाली केलं होतं.

ते बसनं आले. अहमदपूर, लोहा करत तीन-साडेतीन तास. हातात एक कापडी पिशवी. रात्री जेवणानंतर मी त्यांना वर्गात शिकवावं तसं शिकवलं. मशीन म्हणजे एक मोठा चुंबक. कुठलाही घातक किरण नाही. हातातल्या शिरेतून एक औषध सोडतात, त्याला लोक कलर म्हणतात. वाईट गाठ ते औषध बाकीच्या लिव्हरच्या आधी घाईघाईनं ओढून घेते आणि उजळ दिसते, मग बाकीच्याच्या आधीच ते सोडून देते आणि काळी पडते. मशीन थोड्या थोड्या वेळानं फोटो काढत राहतं. त्या घेण्या-सोडण्यावरून गाठीची जात ओळखू येते, बऱ्याच वेळा सुई घालून तुकडा काढायचीही गरज पडत नाही. अप्पा मान हलवत ऐकत होते. मला वाटलं, समजतंय. मी आणखी उत्साहानं सांगत गेले. गाठ लहान असताना सापडली तर सुईनं जाळता येते, कापता येते, माणूस वाचतो. मोठी झाली तर अवघड. एवढं सगळं मी सांगितलं, पण त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी आम्ही सेंटरवर गेलो. आमच्या आधी दोघं-तिघं होते. फॉर्म भरला, हातात सुई टोचून ठेवली. मशीन चालवणारा तिशीतला, हसतमुख माणूस होता. त्यानं रोजची यादी म्हटली. "काका, अंगठी, पट्टा, घड्याळ, चाव्या, मोबाईल, कवळी असंल तर कवळी. अंगावर धातूचं काय बी ठेवू नका."

अप्पांनी अंगठी काढली, पट्टा काढला. सदऱ्याची बटणं सोडली आणि थांबले. गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी होती, डबीत त्यांचं इष्टलिंग. आमच्यात दीक्षेच्या वेळी गुरू ते हातावर ठेवतात आणि मग ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. रोज सकाळी डबी उघडून, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा, आणि त्याशिवाय तोंडात पाणी नाही. मरतानाही ते बरोबरच जातं.

"हे निघत न्हाई," अप्पा म्हणाले.

"काका, पंधरा-वीस मिनिटं... फार तर अर्धा-पाऊण तास. बाईंच्या हातात द्या."

"न्हाई म्हणलं ना."

त्या माणसाचा आवाज एकदाही चढला नाही. चांदीला चुंबक ओढत नसला तरी डबीची कडी कशाची आहे सांगता येत नाही, ती तापू शकते, आणि बरोबर छाती-पोटावर असल्यामुळं फोटो खराब येतील, असं त्यानं नीट समजावलं. आवाज चढला तो माझा. आणि तो त्या दिवशीच्या कारणावरून चढला नव्हता. एकोणिसाव्या वर्षी मी कॉलेजात शिकत असताना माझं लिंग काढून ट्रंकेत ठेवलं होतं. विज्ञान शिकायचं आणि गळ्यात दगड बांधायचा, हे मला जमत नव्हतं. अप्पा तेव्हा रागावले नाहीत, भांडले नाहीत. फक्त त्या सुट्टीत माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. दीड महिना. ते भांडण माझ्या पोटात तसंच राहिलं होतं, आणि आता मला त्याला तोंड फोडायला कारण मिळालं.

"एका दगडासाठी जीव देणार का तुम्ही?" मी ओरडले. "द्या मग! माझं काय जातंय?"

बसलेले लोक वळून बघायला लागले. एका म्हातारीनं तोंडावर पदर धरला. अप्पांनी सदरा अंगात घातला, बटणं वरखाली लागली. सुई काढून घेतली, तिथं कापूस दाबून धरला आणि चालायला लागले. मी मागोमाग गेले नाही. ते रिक्षानं स्टँडवर गेले आणि तिथूनच लातूरची बस धरली. त्यांची कापडी पिशवी त्यांच्याबरोबर गेली, अंगठी मात्र माझ्याकडं राहिली. ती मी चार दिवसांनी कुरिअर केली. सोबत एक ओळ लिहायचीही बुद्धी झाली नाही.

त्यानंतर पाच महिने मी फोन केला नाही.

हे वाक्य लिहायला सोपं आहे, म्हणून जरा उकलून सांगते. मला डागाचं माहीत होतं. भावाला माहीत नव्हतं. गावात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे अप्पांच्या लिव्हरवर काय वाढतंय याची काळजी करू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि ते रुसून बसलं होतं. भावाचा फोन आला की मी आडून विचारायचे, अप्पा कसे आहेत? तो म्हणायचा, बरे हायत, दुकानावर येतेत, जेवण कमी झालंय, वयच हाय. मी म्हणायचे, हो, वयच आहे. मी स्वतःला समजावायचे की त्यांची श्रद्धा, त्यांचं शरीर, आपण कोण? पण ही उदार विचारसरणी काही खरी नव्हती. त्यांनी आधी फोन करावा एवढंच मला हवं होतं. शाळेत मी मुलींना पेशी कशा वाढतात ते शिकवत होते, एकाच्या दोन, दोनाच्या चार, आणि घरी येऊन भाजी चिरत होते.

पोळा झाल्यावर एका रविवारी मला राहवेना. पण अप्पांकडं जायच्याऐवजी मी औशाकडच्या आमच्या मठात गेले, स्वामीजींशी भांडायला. डोक्यात सगळा हिशेब पक्का होता. त्यांनीच अप्पांच्या डोक्यात हे भरवलंय, तर त्यांनीच काढावं. आज्ञा करावी, नाहीतर मी पेपरात देईन, असलं काहीबाही मी बसमध्ये घोकत होते.

स्वामीजी सत्तरीच्या पुढचे. ओट्यावर बसून मोबाईलचा चार्जर दुरुस्त करत होते. मी शरणार्थ म्हणून नमस्कार केला आणि बसायच्या आधीच सगळं बोलून टाकलं. त्यांनी माझं संपू दिलं. मग म्हणाले, "माय, डबीतच ठेवा म्हणून कुणी सांगितलं? डबी आपण हौसेनं केली. पहिल्या काळी लोकं वस्त्रात बांधायची. अन् ऑपरेशन असलं, असली मशीन असली, तर दीक्षा घेतलेल्या घरच्या माणसाच्या हातावर द्यायचं, काम झालं की परत घ्यायचं. त्यात काय बी दोष न्हाई. आजकाल हप्त्याला एक तरी विचारायला येतंय."

"मग हे तुम्ही अप्पांना सांगा ना!"

त्यांनी चार्जर खाली ठेवला. "सांगितलं की. सोनोग्राफी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझे अप्पा इथं आलते. हेच विचारायला. म्या त्यांला वस्त्र दिलं, पांढरं, हातभर. पिशवीत घालून घेऊन गेले. नांदेडला पोरीकडं चाललोय म्हणले."

मी लिंगाशी भांडले होते. पाच महिने लिंगाशीच भांडत होते. आणि वस्त्र त्या दिवशी त्यांच्या पिशवीत होतं, बाजूच्या खुर्चीवर.

"मग त्यांनी काढलं का नाही?" मी विचारलं. प्रश्न विचारतानाच मला उत्तर दिसायला लागलं होतं.

"भ्यालेलं माणूस हाय ते, माय," स्वामीजी म्हणाले. "भ्यालेल्या माणसाला देव लई कामाला येतो."

मी तिथून सरळ लातूरला गेले. अप्पा घरी एकटेच होते, बाजेवर बसून सुतळीचा गुंता सोडवत होते. हाताला काहीतरी लागतं त्यांना. वाळले होते. गळ्याची हाडं वर आली होती आणि डबी त्यांच्यामध्ये लोंबत होती. मला बघून म्हणाले, "आलीस? चहा टाक."

चहा टाकता टाकता मी आतूनच म्हटलं, "स्वामीजींकडं जाऊन आले."

मी चहा घेऊन आले तेव्हा ते सुतळीकडंच बघत होते.

"तुझ्या आईचा असाच फोटो काढला," ते म्हणाले. "आत गेली तवा चालत गेली. बाहेर आली, रिपोर्ट आला, अन् दोन महिन्यांत संपली. फोटो काढला नसता तर आजार नसता का? असता. कळतंय मला. पण तू रातच्याला सांगत बसलीस ना, गाठ कलर ओढती, मग सोडती... मला वाटलं, ह्या मशिनीला एकदा दिसलं की ते खरं झालं. तवर न्हाई."

"मग तसं सांगायचं होतं मला."

"काय सांगू? बाप भ्याला म्हणून?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "तू भांडाया लागलीस, बरं वाटलं मला. भांडणात भ्या दिसत न्हाई."

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं. मला आईसारखं मांडीवर घेऊन समजावणं त्यांना कधी जमलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "चल, करू. कवा जायचं सांग."

दोन दिवसांनी आम्ही त्याच सेंटरवर गेलो. तोच माणूस होता, त्यानं ओळखलं आणि ओळखल्याचं दाखवलं नाही. याबद्दल मी त्याची आभारी आहे. अप्पांनी स्वतःच दोरा गळ्यातून काढला, डबी उघडली आणि लिंग वस्त्रात घेतलं. मग म्हणाले, "हात धर." मी डावा हात पुढं केला. दीक्षा माझीही झालेली होतीच, सातव्या वर्षी, तेवढ्यावर त्यांनी भागवलं. ट्रंकेचं काही काढलं नाही. वस्त्रासकट ते काळंभोर, गुळगुळीत लिंग माझ्या तळहातावर ठेवलं आणि पायजमा सावरत आत गेले.

दार जाड असलं तरी ठकठक ऐकू येत होती. मधेमधे तो माणूस माईकवर सांगायचा, "श्वास घ्या काका... सोडा... आता रोखून धरा." प्रत्येक वेळी मीही श्वास धरत होते. शेजारी एक मुलगी मोबाईलवर कसलासा कार्यक्रम बघत होती, तिचा मला राग आला. हात अवघडला, पण खाली ठेवायची हिंमत झाली नाही. त्या दगडावर माझा विश्वास तेव्हाही बसला नाही, आताही नाही. पण तो हातातून पडला असता तर आत अप्पांचं काय झालं असतं कुणास ठाऊक, म्हणून मी धरून बसले.

पाऊण तासानं ते बाहेर आले ते चक्क हसत. "काय बी न्हाई गं मधी. नुसता आवाज. पत्र्याच्या दुकानात बसल्यासारखं. खालीपिली भ्यालो." लिंग परत घेतलं, डोळ्यांना लावलं, आणि म्हणाले भूक लागलीय. कित्येक महिन्यांनी त्यांनी तो शब्द उच्चारला. समोरच्या हॉटेलात आम्ही दोघांनी इडली खाल्ली. तो अर्धा तास मला वाटलं, निभावलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट आणि जुनी सोनोग्राफी शेजारी शेजारी ठेवली. स्क्रीनवर फोटो दाखवले. मी अप्पांना सांगितलं होतं अगदी तसंच होतं. पहिल्या फोटोत गाठ उजळलेली, पुढच्यात काळी पडलेली. फक्त ती आता बोराएवढी नव्हती, लिंबाएवढी होती आणि एका मोठ्या शिरेला जाऊन टेकली होती. लिव्हरच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक लहान डाग होता. सोनोग्राफीत तो नव्हता.

"तवाच आलो असतो तर?" अप्पांनी विचारलं.

डॉक्टर तरुण होते. खोटं बोलायची त्यांना अजून सवय लागली नसावी. "तेव्हा सोपं होतं, काका. एकच होती, लहान होती. जाळून टाकली असती. आता हैदराबादला किंवा मुंबईला दाखवू. इलाज आहे, पण गाठ थोपवायचा. पाच महिने थांबलात कशाला पण?"

मी तोंड उघडलं. त्याआधी अप्पा बोलले. "माझ्यामुळं राहिलं साहेब. लिंग काढायचं न्हाई म्हणून बसलो अडून. पोरीनं लई सांगितलं."

मग डॉक्टरांनी त्यांना समजावलं. श्रद्धा आणि अंधश्रद्धा, देव डॉक्टरच्या रूपात येतो, तुमच्यासारख्या शहाण्या माणसानं असं करावं का. दहा मिनिटं. अप्पा मान खाली घालून ऐकत होते, वर्गात उभं केलेल्या पोरासारखे. मी शेजारी बसले होते. रिपोर्टची पाकिटं मी आकारानुसार लावली, मोठं खाली, लहान वर.

आता सगळ्यांना कळलं आहे, भावाला, पाव्हण्यांना, गोलाईला. हैदराबादच्या खेपा चालू आहेत. एका खेपेनंतर बरं वाटतं, दुसऱ्या खेपेनंतर अंथरुणातून उठवत नाही. भेटायला येणारे पाव्हणे बाहेर ओसरीत हळू आवाजात बोलतात की म्हाताऱ्यानं देवापायी जीव घालवून घेतला, पोरगी एवढी शिकलेली, तिचं ऐकायला पाहिजे होतं. आतल्या खोलीत अप्पांना ते ऐकू जातं. कुणी तोंडावर म्हटलं तर ते मान डोलावतात, हाव, चुकलंच माझं. भ्यालो होतो, हे त्यांनी माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. आणि मी पाच महिने फोन केला नाही, हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही.